ऐतिहासिक थ्रिलर: खऱ्या माणसाच्या माथी खोटा खून मारायचा का?

पर्वतीकर:
मित्राने आग्रहाने एक थ्रिलर कादंबरी वाचायला दिली, दोन रात्रीत संपवली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून इथे ओकतोय. नाव मुद्दाम घेत नाही, कारण अशा डझनभर आहेत. स्टोरी अशी की आजच्या पुण्यात मोडी जाणणाऱ्या एका बाईचा खून होतो, तिच्याकडे एक जुना कागद असतो, त्या कागदामागे तीन पार्ट्या लागतात आणि शेवटी कळतं की सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात वरून पडले नव्हते, नाना फडणवीसांनी त्यांना ढकलायला लावलं होतं. झालं, टाळ्या.

आता बघा, सवाई माधवराव २५ ऑक्टोबर १७९५ ला गणपती महालातून खाली कारंज्याच्या हौदावर पडले, मांडीचं हाड मोडलं आणि दोन दिवसांनी गेले. वय २१. त्याआधी अंगात ताप होता. पडले की उडी मारली यावर वाद आहे आणि तो राहणार. खर्ड्याची लढाई त्याच वर्षी मार्चमध्ये जिंकलेली, म्हणजे नाना तेव्हा एकदम शिखरावर. थ्रिलर म्हटलं की पहिला प्रश्न काय, तर फायदा कोणाचा? पोरगा गेला तर गादीवर येणार रघुनाथरावाचा मुलगा बाजीराव, ज्याच्या घराण्याला नानांनी आयुष्यभर दाबून ठेवलं. आणि झालंही तेच. वर्षभर दत्तकाच्या खटपटी, पळापळ, मग बाजीराव पेशवा, आणि १७९७ संपता संपता नाना नगरच्या किल्ल्यात कैदेत. असला खुनी कोण असतो राव जो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो? लेखकाने याचं उत्तरच दिलेलं नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'सर्व काल्पनिक' लिहून मोकळा.

माझं म्हणणं एवढंच की कल्पना हवी तेवढी करा, पण जिथे कागद बोलतोय तिथे त्याला गप्प करून नका करू. आणि खऱ्या माणसाला खुनी ठरवायचं असेल तर निदान केस तरी नीट उभी करा.

निशाचर:
साहेब कादंबरी आहे ती, पीएचडीचा प्रबंध नाही. ज्याला खरं काय ते पाहिजे त्याने सरदेसाईंचा इतिहास, मराठी रियासत वाचावी, कोण अडवतंय. आणि तुम्ही असं बोलताय जसं काही हे आजकालच्या थ्रिलरवाल्यांनी सुरू केलंय. आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला हे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, शाळेतल्या पोराला विचारा तोही सांगेल, आता मला तो खाडाखोड केलेला कागद दाखवा बघू. नाहीये ना? मग अडीचशे वर्षं आपण एक थ्रिलरच खरा मानून चाललोय आणि एका बाईला खुनी ठरवून बसलोय, तेव्हा कोणाचं डोकं फिरलं नाही. बखरी काय होत्या? ऐकीव माहिती, वर फोडणी. आजचा लेखक फोडणी घालतो आणि वर सांगतो तरी की बाबा फोडणी घातलीये.

पर्वतीकर:
अहो तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की. आनंदीबाईंचं काय झालं ते बघा ना! नारायणराव पेशव्यांच्या खुनाची रामशास्त्र्यांनी चौकशी केली, पन्नासच्या आसपास माणसं दोषी काढली, त्यात गारदी म्हणजे भाडोत्री शिपाई थोडेच होते, बाकी बहुतेक इथलेच ब्राह्मण आणि मराठे. म्हणजे केवढा मोठा कट, किती जणांचे हात त्यात, कोणी पैसे पुरवले, कोणी दरवाजे उघडे ठेवले. हे सगळं बाजूला राहिलं आणि लोकांच्या डोक्यात काय उरलं, तर एक बाई आणि एक अक्षर. खरा थ्रिलर खोट्याने खाऊन टाकला.

मोडीवाली:
मला कथेपेक्षा तो 'कागद' जास्त छळतो. मी हौसेने मोडी शिकले, अजून शिकतेच आहे. या कादंबऱ्यांमध्ये हिरो तळघरात मोबाईलच्या उजेडात कागद उलगडतो आणि घडाघडा वाचतो, 'मी नाना, कबूल करतो की...' अरे काय! मोडीत आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढलेली असते आणि अक्षरं त्या रेघेला लटकवत, लेखणी न उचलता लिहिलेली. शब्द कुठे संपला ते तुम्ही ठरवायचं. सुरुवातीला साष्टांग नमस्कार, मग येथील कुशल अमुक तारखेपर्यंत जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे, तारीख पण 'छ' लिहून मुसलमानी महिन्याची, ती इंग्रजी तारखेत बसवायची म्हणजे जंत्री काढून बसा. आणि एवढं करून मजकूर काय निघतो, तर बैलांच्या दाण्याचा हिशोब.

पण खरं सांगू का, थ्रिल तिथेच आहे. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचेच ४५ खंड छापलेत सरदेसाईंच्या संपादनाखाली, न छापलेलं त्याच्या कैक पट. कोणी कबुलीजबाब लिहून ठेवत नाही, पण खर्चाच्या यादीत अचानक कोणाला तरी शालजोडी दिलेली दिसते आणि तुम्ही विचार करत बसता की याला कशाबद्दल? एका लेखकाला पण यावर गोष्ट रचावीशी वाटू नये? सगळ्यांना ताम्रपट आणि खजिनाच पाहिजे.

निशाचर:
@मोडीवाली ताई, दाण्याच्या हिशोबावर तुम्ही लिहा, मी नक्की विकत घेईन. एक कॉपी खपली धरा 😀

बडोदेकर:
आमच्याकडे या. मराठी संस्थान, मराठी दरबार, आणि थ्रिलर असा की रचायची गरजच नाही. ९ नोव्हेंबर १८७४, बडोद्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून येतो, नेहमीप्रमाणे पपनसाचा रस ठेवलेला असतो, दोनतीन घोट घेतो, काहीतरी विचित्र लागतं म्हणून उरलेला फेकून देतो आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसतो. तपासणीत आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड. संशय थेट मल्हारराव गायकवाड महाराजांवर. कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी, त्या तिघांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने खास लंडनहून बॅलंटाइन नावाचा नामी वकील आणला. महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले आणि सगळं महाराजांवर ढकललं. निकाल? इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी म्हणाले सिद्ध झालं नाही. तीन विरुद्ध तीन. तरी सरकारने एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केलंच, कारण काय तर गैरकारभार. आणि मग महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा पोरगा, तो म्हणजे सयाजीराव.

आता इथे लेखकाने ठरवलं की विष फेअरच्याच नोकरांनी आपल्या डोक्याने घातलं, किंवा दामोदरपंताने स्वतःची कातडी वाचवायला साक्ष रचली, तर पर्वतीकर तुम्ही त्याला काय म्हणणार? कोर्टाचंच एकमत नाही तर लेखकाला सूट का नको?

पर्वतीकर:
बडोदेकर, इथे पूर्ण सूट. साक्षी आहेत, उलटतपासणी आहे, दोन्ही बाजूंना आधार आहे. लेखक एक बाजू घेतो, वाचक दुसरी घेऊ शकतो. माझा राग जिथे दुसरी बाजू दिसूच देत नाहीत तिथे.

रंकाळावेस:
पर्वतीकर, तुमच्या 'जिथे कागद बोलतो' ला माझी हरकत आहे आणि जरा खोलात जाऊन सांगते. कागद कोणाचा, हे आधी विचारा ना. आमच्या कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज, १८६३ चा जन्म, लहानपणी दत्तक येऊन गादीवर बसले. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवलं आणि नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं (हो, नाना होते तोच किल्ला). २५ डिसेंबर १८८३ ला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाबरोबर झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. विशीतला मुलगा. आता कागद म्हणाल तर ते वेडे होते असं लिहिणारा कागद कोणाचा? ज्यांनी कोंडलं त्यांचाच. टिळक आगरकरांनी या प्रकरणात त्यांच्या बाजूने लिहिलं आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, कारण दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ज्या पत्रांवर यांनी भिस्त ठेवली ती बनावट निघाली. म्हणजे कोर्टात कागद कोणाच्या बाजूने बोलला? दिवाणाच्या. लोकांच्या मनातून संशय गेला का? नाही गेला.

तेव्हा पुरावा नाही म्हणजे बोलू नका हा नियम लावला तर इतिहास फक्त दप्तर ज्याच्या ताब्यात त्याचाच राहील. कोंडून ठेवलेल्या पोराच्या बाजूने कादंबरी नाही बोलणार तर कोण बोलणार? मला तर अशी कादंबरी हवीच आहे.

निशाचर:
वा. याला म्हणतात मुद्दा. पर्वतीकर, आता बोला.

पर्वतीकर:
बोलतो की. रंकाळावेस, तुमचं पटतंय बरंचसं, सरकारी कागदावर शंका घ्यायलाच पाहिजे. पण तुमच्याच उदाहरणात बघा ना, बनावट पत्रांनी नुकसान कोणाचं झालं? महाराजांची बाजू घेणाऱ्यांचंच. खरी शंका होती, तिला खोटा कागद चिकटवला आणि शंकाच बदनाम झाली. थ्रिलरवाले नेमकं हेच करतात, शेवटी एक बनावट पत्र काढतात आणि म्हणतात घ्या पुरावा. कोंडलेल्या पोराची गोष्ट लिहायला ते पत्र कशाला पाहिजे? खोली, पहारा, पोरगा आणि शिपाई, एवढं पुरेसं आहे.

सदू_जर्सीवाला:
मी तसा वाचक नाही, गाडीत ऐकतो. ऑफिसला जाता येता अशाच दोनचार मालिका ऐकल्या, मागे बसून मुलाने पण ऐकल्या, त्याला मराठी समजतं पण वाचता येत नाही. भारतात आलो तर म्हणाला मला त्या नानाचं घर बघायचंय. वाईजवळ मेणवलीला नेला, वाडा, मागे कृष्णेचा घाट, ती वसईहून आणलेली मोठी घंटा, सगळं बघून आला आणि तिथल्या माणसाला म्हणतो हा व्हिलन इतक्या शांत जागी कसा राहत होता. आता याला तुम्ही चांगलं म्हणा की वाईट. थ्रिलर नसता तर तो मेणवलीला आलाच नसता एवढं नक्की.

मोडीवाली:
आला ते छान झालं हो, पण व्हिलन डोक्यात घेऊन आला. त्याला कोणी सांगितलं का की हाच माणूस पानिपतावरून जीव वाचवून आला, आई आणि बायकोची तिथे ताटातूट झाली आणि आपलं हे सगळं त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय? १७६१ मध्ये तो विशीच्या आतला होता. ते तुकडे वाच म्हणावं, भलतेच प्रामाणिक आहेत, पोरगेल्या वयातल्या स्वतःच्या चुका पण लिहिल्यात. असा गुंतागुंतीचा माणूस हातात असताना मिशीला पीळ देणारा खलनायक करायचा म्हणजे लेखकाचंच नुकसान.

मारुतीची_शेपटी:
सगळे खुनाच्या मागे लागलेत. मला एक सांगा, तोतयाचं काय? पानिपतात सदाशिवराव भाऊ पडले, प्रेताच्या ओळखीवरून गोंधळ, पत्नी पार्वतीबाई कुंकू पुसायला तयार नाहीत ते १७८३ ला मरेपर्यंत. अशात एक माणूस उगवतो, म्हणतो मीच भाऊ. सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण, बुंदेलखंडाकडचा. पकडतात, किल्ल्याकिल्ल्यांवर फिरवून शेवटी रत्नागिरीला ठेवतात आणि १७७६ मध्ये तिथला अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे त्यालाच भाऊ मानून सोडतो! कोकणातले किल्ले पटापट त्याला मिळतात, हजारोंची फौज जमते, घाट चढायची वेळ येते, मग पेशव्यांची फौज मोडून काढते, हा मुंबईकडे पळताना रघुजी आंग्र्यांच्या हाती लागतो, पुण्यात चौकशी होऊन त्याच वर्षी देहदंड. यात एक शब्द वाढवायची गरज आहे का? तरी आमचे लेखक खजिन्याचा नकाशा काढत बसतात.

निशाचर:
गरज आहे, आणि मी सांगतो कुठे ते. पार्वतीबाईंना एका क्षणी तरी वाटलं असेल का की हा खरंच ते असतील? हे कुठल्या दप्तरात मिळणार? ते लेखकानेच रचायचं, नाहीतर उरतो नुसता निवाडा. मग पर्वतीकर, पार्वतीबाईंच्या मनात आशा घातलेली चालते, आणि नानांच्या मनात पाप घातलेलं का चालत नाही? दोन्ही कल्पनाच.

पर्वतीकर:
मनात काय पाहिजे ते घाला. नानांना सवाई माधवरावाचा राग येत होता, तो परस्पर बाजीरावाशी पत्रव्यवहार करत होता हे उघड झाल्यावर नाना भडकले होते, हे सगळं आहेच. तिथून लिहा, 'मेला तर सुटलो' असं त्यांना एका रात्री वाटलं असं लिहा, मी काही बोलणार नाही. पण मनातून हातात यायला मध्ये खूप पायऱ्या असतात. त्या पायऱ्या त्या लेखकाने बांधल्याच नाहीत, सरळ उडी.

रंकाळावेस:
या पायऱ्यांचा हिशोब कोण ठेवणार पण? तुम्ही? उद्या कोणाची तरी भावना दुखावणार, तो पण हाच युक्तिवाद करणार की पायऱ्या नाहीत म्हणून पुस्तक मागे घ्या. मला ती भीती जास्त आहे.

पर्वतीकर:
मागे घ्या कोण म्हणतंय? मी शिव्या घालतोय, तेवढा हक्क आहे ना पैसे देऊन वाचणाऱ्याला.

मोडीवाली:
पैसे कुठे दिलेत, मित्राने दिलीये ना वाचायला? 😄

बरं निशाचर, एवढा उत्साह आहे तर ताराबाईंवर लिहा. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले, ताराबाईंनी सांगितलेला नातू रामराजा गादीवर बसला, वर्षभरात त्यांनीच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथेवर सांगितलं की हा माझा नातू नाही. आता आधीचं खरं की शपथेतलं? पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, समोर पेशवा, भंडारा उधळलेला. रचा काय रचायचं ते.

निशाचर:
बाप रे, हे भारी आहे. लिहितोच. पण यात खून कोणाचा पाडू?

पर्वतीकर:
खून कशाला पाहिजे प्रत्येक वेळी! लिहा, आणि पहिलं प्रकरण इथेच टाका. फक्त एक विनंती, ताराबाईंच्या हातात मशाल देऊन त्यांना तळघरात पाठवू नका.