मदत हवी आहे: जुन्या वाटणीपत्रातले आगळ, अडणा आणि 'पेचाचे कुलुफ'

मंडळी, रामराम.

दर्यापूर तालुक्यातला आमचा वाडा पाडायचं ठरलं आहे. धाब्याचं घर, छत गळतंय आणि दुरुस्तीला कोणी तयार नाही. जुनं लाकूड घेणारा व्यापारी दारं जोडीनं मोजून नेणार. त्याआधी कोणत्या दाराला काय लावलेलं आहे ते नावानिशी लिहून ठेवायचं आहे. कारण पणजोबांच्या काळचं मोडीतलं वाटणीपत्र सापडलं आणि त्यात कोणतं दार कोणत्या भावाचं, हे दाराच्या बंदोबस्तावरूनच सांगितलेलं आहे. एका जाणकारांनी ते वाचून दिलं:

"माजघराचे कवाड जोडी १ आगळीसुद्धा. कोठीचे कवाड अडणा व साखळ कोंडा. कुलुफ पेचाचे १, कळीचे २."

साखळ कोंडा कळला. दाराची साखळी वर चौकटीच्या कोंड्यात अडकवायची आणि त्यात कुलूप घालायचं. पुस्तकात कोयंडा म्हणतात, पण आमच्याकडच्या पेपरात चोर अजूनही 'कुलूप-कोंडा तोडून' शिरतात.

अडलंय ते आगळ आणि अडण्यापाशी. माजघराच्या दारामागे भिंतीत एका बाजूला खोल भोक आहे. सागाचा जाड दांडा त्यात सरकवलेला असतो. दार लावलं की तो ओढून समोरच्या खोबणीत घालायचा. कोठीच्या दाराला असं भोक नाही. चौकटीला दोन लोखंडी आकडे आहेत आणि दांडा वरून त्यांत टाकतात. पहिली आगळ आणि दुसरा अडणा, असं धरू का? कोशांत पाहावं तर आगळ, अडणा, अडसर सगळ्यांना जवळजवळ एकच अर्थ. मोठी आईला विचारलं, तर म्हणे, "आगय म्हंजे आगय. रातच्याला लावाची. त्याच्यात काय समजून घ्याचं गा?"

पेचाचं आणि कळीचं कुलूप यात फरक काय? पितळी डबीत तीन कुलपं आहेत, किल्ली एकच. ती चपटी, दात नसलेली, टोकाला चौकोनी भोकं.

आणखी एक. दारांना बिजागऱ्या नाहीतच. फळीचं गोल टोक उंबरठ्यातल्या खळग्यात फिरतं. त्या टोकाला काय म्हणतात?

---

झाडीतला

तुमचा अंदाज मला पटतो. आमच्या भंडाऱ्याकडेही भिंतीत सरकते तीच आगळ. फक्त तुमच्याकडे ळ चा य होतो, आमच्याकडे र. शब्द संस्कृत अर्गलेवरून आलेला. नवरात्रात सप्तशती वाचताना कवच, अर्गला, कीलक म्हणतो ना, तीच ही अर्गला. कोणत्याही किल्ल्याच्या दरवाज्यात आत शिरून बाजूला पाहा, भिंतीत समोरासमोर चौकोनी भोकं दिसतात. मात्र किल्ले फिरणारे त्याला अडसराची खोबण म्हणतात, म्हणून महाराष्ट्रभर एकच नियम लावू नका. तुमच्या कागदात एकाच लिहिणाऱ्यानं दोन दारांना दोन शब्द वापरलेत, म्हणजे त्याच्या मनात फरक होता. तुम्हाला तेवढं पुरे.

व्यापाऱ्यानं दार काढलं की आगळ भिंतीतच राहते आणि मग पाडापाडीत सरपणात जाते. ती आधी ओढून काढा.

---

ऐरण

पेच म्हणजे स्क्रू. पेचाच्या कुलपाच्या किल्लीला आटे असतात. ती भोकात फिरवत न्यायची, म्हणजे आतली खीळ मागे ओढली जाते आणि कडी सुटते. कळीच्या कुलपात कडीच्या टोकाला पोलादी पट्ट्या पसरलेल्या असतात. कडी दाबली की त्या आत जाऊन फुलतात आणि कुलूप किल्लीशिवायच लागतं. उघडताना किल्ली दुसऱ्या टोकाकडून ढकलायची. तिच्या भोकांत पट्ट्या दबतात आणि कडी बाहेर सरकते. म्हणजे तुमची किल्ली कळीच्या कुलपाची. फिरवू नका, नुसती सरळ ढकला.

बाकी, 'कुलुफ' हे जुनं लिहिणं. मूळ अरबी कुफ्ल, फारसीतून आपल्याकडे आलं. चावी पोर्तुगीजांची.

गोल टोकाला आमच्या आळीतले सुतार कुसू म्हणतात. वऱ्हाडात काय म्हणतात ते तिकडच्यांनी सांगावं.

---

धागाकर्ता

दोघांचेही आभार. घासलेटात रात्रभर ठेवून किल्ली सरळ ढकलली. एक उघडलं. दुसऱ्यात ती अर्ध्यावर अडते, पट्ट्या गंजल्या असाव्यात. तिसऱ्याच्या बुडाला गोल भोक आहे आणि बॅटरी मारल्यावर आत आटे दिसले, म्हणजे कागदातलं पेचाचं ते हेच. त्याची किल्ली नाही. न कापता, न ठोकता तशी किल्ली पाडून देणारा कोणी अचलपूर, परतवाडा, अकोटकडे आहे का? व्यापारी पुढच्या बाजाराच्या दिवशी येतोय. कुलपं मी देणार नाही, पण कोठीच्या दाराचे आकडे चौकटीतून न फाडता कसे काढायचे तेही सांगा.