प्रतिसाद: नुसते व्हिडिओ पुरत नाहीत

रेकॉर्ड केलेली लेक्चरं दिली की मुलं आपापली शिकतात, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. २०२० मध्ये थर्मोडायनॅमिक्सचे (उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र) तासाभराचे व्हिडिओ माझ्या विद्यार्थ्यांसाठी टाकले, बहुतेकांनी दहा मिनिटांतच सोडले. एक मुलगी रात्री अकरानंतर भावाचा मोबाइल मिळाला की गच्चीवर जाऊन बघायची, कारण रेंज तिथेच. मग दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले, फाइल हलकी ठेवली, शेवटी एक गणित घातलं. आता वर्गात तेच गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घेते. एन्ट्रॉपीचं, म्हणजे ऊर्जा किती विखुरली त्या मापाचं, अधिक-उणे चिन्ह कुठे चुकतं, ते तिथे लगेच दिसतं.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ मध्ये एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करायची मुभा दिली. पण शंका विचारायला कॉलेजात माणूस नसेल तर मुलं नाव नोंदवतात आणि मध्येच सोडून देतात.