मदत हवी आहे : स्क्रोल सॉवर जाड सागवान कापताना पाते रेघ सोडते (कोल्हापूर)

नमस्कार. छंद म्हणून लाकडातून जाळी आणि अक्षरे कापता यावीत यासाठी मी स्क्रोल सॉ (बारीक पाते वरखाली चालणारी करवत) यंत्र घेतले असून ते राजारामपुरीतील घराच्या मागच्या खोलीत बसवले आहे. नोकरीची सगळी वर्षे शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेल्यामुळे यंत्राची भीती नाही, परंतु लाकूड हा माल मला नवा आहे. यंत्र १६ इंची (पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर) आहे, वेग मिनिटाला ४०० ते १६०० ठोक्यांपर्यंत बदलता येतो आणि त्यात पिनेची (टोकांना आडवी पिन असलेली) व बिनपिनेची अशी दोन्ही प्रकारची ५ इंची पाती बसतात.

३ मिलिमीटरच्या प्लायमध्ये काम समाधानकारक होते. गणपतीच्या मखरासाठी कापलेल्या जाळीच्या कडा पॉलिश पेपर फारसा न लावताही स्वच्छ निघाल्या. अडचण आहे ती घराच्या नावाच्या पाटीची. त्यासाठी जुन्या तुळईतून चिरून घेतलेले १८ मिलिमीटर जाडीचे सागवान वापरत आहे. फळी रेघेवर सरळ ढकलली तरी पाते हळूहळू उजवीकडे सरकते, आणि कापलेले अक्षर उलटे करून पाहिले तर मागच्या बाजूला त्याची रुंदी वेगळी भरते. व्हर्निअरने मोजल्यास हा फरक जवळजवळ एक मिलिमीटर येतो. लेथवरचा असा माल कोणी स्वीकारला नसता. शिवाय वळणांवर लाकूड करपून काळे पडते.

पाते एका बाजूला ओढते, हा दोष यंत्राचा समजावा की पात्याचा? जाड सागवानाला कोणत्या नंबरचे पाते लावावे? तिसरा प्रश्न कोल्हापूरपुरता आहे. सोनारांच्या करवतीची पाती गुजरीत मिळतात, तीही ५ इंचीच असतात आणि बिनपिनेच्या पकडीत व्यवस्थित बसतात, तर ती लाकडावर चालतील का? ‘ऑनलाइन मागवा’ याखेरीज काही सुचवता आले तर विशेष आभारी राहीन.

प्रतिसाद :

नमस्कार काका. पाते उजवीकडे ओढते यात यंत्राचा दोष नाही. बहुतेक पात्यांचे दात पाडताना एका बाजूला बारीक बर (धातूची खरखरीत कड) राहते, ती बाजू जास्त कापते आणि त्यामुळे काप तिकडे सरकतो; बर म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेघ मारून, ती पाळत कापताना फळी आपोआप किती तिरकी धरावी लागते ते पाहावे. तीन-चार अंशांचा हा कोन त्या जातीच्या पात्यांना साधारण सारखाच राहतो, म्हणून एकदा हाताला बसला की पुन्हा विचार करावा लागत नाही.

मागच्या बाजूचा फरक मात्र वेगळ्या कारणाने येतो. जाड ठोकळ्याला समोरून एक उथळ खाच पाडा, यंत्र बंद करा, ठोकळा फिरवून तीच खाच पात्याच्या पाठीशी न्या. पाते खाचेत सरळ शिरले तर टेबल काटकोनात आहे. शिरले नाही तर टेबल गुण्यात आणा. टेबल बरोबर असूनही फरक राहिला तर पात्याचा ताण कमी आहे, किंवा फळी बाजूने दाबली जात आहे. पाते बोटाने छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ सूर यायला हवा. जाड लाकडात घाई केली की पाते मध्ये वाकते आणि कापलेली कड पोट काढते, तेव्हा ढकलण्याची गती पात्याला ठरवू द्या.

१८ मिलिमीटर सागवानाला ७ किंवा ९ नंबर, आणि प्लायच्या जाळीला २ किंवा ३ नंबर वापरावा. सागवानात सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते आणि करपण्याचे पहिले कारण बहुधा बोथट पातेच असते. पाती स्वस्त असतात, त्यांचा लोभ धरू नये. नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवल्यास करपणे बरेच कमी होते. सागवानाचा भुसा त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, म्हणून बंद खोलीत मास्क लावूनच काम करावे.

सोनारी पाती बसतात हे खरे, पण २/० नंबरच्या पात्याला इंचाला पन्नासच्या आसपास दात असतात. त्यांच्यात भुसा अडकतो, पाते तापते आणि जाड सागवानात ते तग धरत नाही. व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा पितळी पत्रा कापायचा असेल तर तीच पाती उत्तम, आणि पितळी अक्षरे लाकडी पाटीवर जडवण्याचा विचार असेल तर गुजरीची फेरी अवश्य मारावी.

पाटीची अक्षरे कापताना ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या आतल्या पोकळ्या आधी काढा आणि बाहेरची रेघ शेवटी, म्हणजे फळीला शेवटपर्यंत बळ राहते. पोकळीसाठी बारीक भोक पाडून बिनपिनेचे पाते ओवावे. पिनेच्या पात्याला लागणारे मोठे भोक लहान ‘व’च्या पोटात मावत नाही. अनुस्वाराचा ठिपका सुटा पडतो, म्हणून नक्षीतच तो शिरोरेषेला टेकवून घ्यावा.