मुलांसोबत घरी बर्ड फीडर करायचाय, पण पारवे नकोत

ओवीची आई, ठाणे
लेक चार वर्षांची, भाचा सात. सुट्टीत दोघांकडून पक्ष्यांसाठी काहीतरी करून घ्यायचंय. समोरच्या झाडावर चिमण्या, बुलबुल दिसतात. पण बाल्कनीत थाळीत दाणे ठेवले की पारवेच फस्त करतात, वर विष्ठेचा त्रास. मुलांना स्वतःच्या हातांनी जमेल असं काही सुचवा ना.

बालवाडीताई, चिपळूण
थाळी आजच उचला. पारव्याला ऐसपैस सपाट जागा लागते. छोट्या, हलत्या करवंटीवर त्याला नीट टेकता येत नाही. आमच्या बालवाडीत करवंटीच घेतो. डोळ्यांकडची अर्धी वाटी घ्या. तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, तो मुलांना शोधू द्या आणि काडीने टोचू द्या. सापडला की काय आनंद होतो त्यांना! त्या भोकात शेंडीचा सैल बोळा बसवायचा. बाजरी गळत नाही, पावसाचं पाणी मात्र निथळतं.

काठाजवळची तीन भोकं ड्रिलने तुम्हीच पाडा. शेंड्या उपटणं, पॉलिश पेपरने घासणं, सुतळी ओवणं हे सगळं मुलांचं. सुतळीच्या टोकाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, म्हणजे चार वर्षांच्या बोटांनाही ओवता येते. टांगताना ग्रिलपासून हातभर लांब, नाहीतर पारवे तिथूनच मान घालतील. आत चिमूट-दोन चिमटी बाजरी किंवा कणी, बस्स. फरसाण, बिस्किटं, मिठाचा भात अजिबात नको. खाली सांडलेलं रोज झाडायचं.

शेतकरीदादा, बार्शी
ताई, त्याहून सोपं सांगतो. बाजरीचं कणीस दांड्यासकट उलटं टांगा. चिमण्या त्याला लटकून दाणे काढतात. पोरांना गाठ मारायचं तेवढं काम.

मंजिरी, नागपूर
आमच्याकडे उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त. मातीचं उथळ परळ सावलीत ठेवा. रोज घासून पाणी बदला, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. रोज पाणी ओतायचं काम लेकीला द्या.

ओवीची आई
खूप आभार! बुलबुल बाजरी खातो का?

बालवाडीताई
नाही हो, त्याला फळं आणि किडे लागतात. पपईची फोड खोचून बघा. आणि चिमण्याही पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात, तेव्हा कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका.