गोळ्यांचे दुष्परिणाम आईला घाबरवून न सोडता कसे समजावू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे, वय २६. त्यावरची रिस्पेरिडोन ही गोळी चालू आहे. आम्ही धनकवडीला राहतो. मी दिवसभर ऑफिसात, त्यामुळे गोळ्या आईच देते.

दिवाळीनंतर डोस वाढला आणि आठवड्याभरात त्याला एका जागी बसवेना. जेवताना ताटावरून उठायचा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हॉलमध्ये येरझाऱ्या. "ताई, पायात कसंतरी होतंय," एवढंच म्हणायचा. आम्हाला वाटलं आजार उसळला. आईने दृष्ट काढली, मी ओरडले. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हे गोळीमुळे आहे, याला अकाथिसिया म्हणतात. डोस कमी केला, सोबत ही अस्वस्थता कमी करायला प्रोप्रानोलोल नावाची गोळी दिली. आता तो बसून चहा पितो. पण ते तीन आठवडे मी त्यालाच रागावत होते, हे मनातून जात नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारून एक कागद केला. हात थरथरणं, लाळ गळणं, चेहरा निर्विकार होणं, वजन आणि साखर वाढणं हे पुढच्या भेटीत सांगायचं. मान किंवा डोळे एकीकडे ओढले गेले, किंवा ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ झालं आणि भान हरपलं, तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

आईला वाचून दाखवला, तर दुसऱ्या दिवसापासून ती गुपचूप अर्धीच गोळी द्यायला लागली. "एवढं विष लेकराच्या पोटात कशाला?" मनानेच गोळी कमी केली की आजार उलटू शकतो, हे तिला पटत नाही. तिचं चुकतंय असंही म्हणवत नाही, तिने फक्त यादी ऐकली.

तुम्ही घरी हे कसं सांगितलंत? एकदम, की थोडं थोडं? या गोळीने लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, छातीतून दूधही येऊ शकतं. हे भाऊ आईला किंवा मला कधीच सांगणार नाही, आणि बाबा नाहीत. त्याच्याशी कोणी बोलावं?

पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे 'सा'च्या, आधारगटात कोणी आपल्या आईला नेलंय का? टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर गोळ्यांबद्दल मराठीत नीट बोलतात का? गुरुवारी आमची पुढची भेट आहे, यावेळी आईलाही आत नेणार आहे. तिच्यासमोर डॉक्टरांना काय काय विचारू, तेही सुचवा.