ड्रायव्हर घसरला की गाडी? नेमकं कसं ओळखायचं?

मधलीफळी

फॉर्म्युला वनमधल्या (एफ-1) गॅस्लीचं 2019 घ्या. रेड बुलमधल्या पहिल्या 12 शर्यतींत 63 गुण, तेवढ्याच शर्यतींत टीममेट वर्स्टापेनचे 181. ऑस्ट्रियात तर स्वतःच्याच टीममेटनं त्याला एक लॅप (पूर्ण फेरी) मागे टाकलं. उन्हाळी सुट्टीत रेड बुलच्याच धाकट्या संघात, टोरो रोसोत, परत पाठवणी, आणि नोव्हेंबरात ब्राझीलला दुसरा नंबर. पुढच्या वर्षी मोंझा (इटलीची शर्यत) जिंकला. रिकार्डोची गत उलटी. मॅक्लारेनमध्ये 2021 साली त्याचे 115 आणि टीममेट नॉरिसचे 160, 2022 मध्ये 37 आणि 122. त्यातच मधे मोंझाचा विजय.

माणूस तोच, मग आलेख असा झोके का घेतो? गुणतक्ता बाजूला ठेवला तर काय मोजायचं? वेग जातो म्हणजे नक्की काय जातं? आणि एकदा सीट (संघातली जागा) गेली की परतीच्या वाटा कोणत्या? "आत्मविश्वास गेला" छाप उत्तरं नकोत, ती समालोचक रोज देतात.

पिटवॉल

मोजायचं कसं तेवढं सांगतो.

एफ-1 मध्ये सारख्या गाडीत बसलेला माणूस एकच, टीममेट. त्यामुळे तुलना त्याच्याशीच, आणि ती क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत. दोघांनीही ज्या शेवटच्या सत्रात वेळ लावली तेच सत्र घ्या. एकाचा क्यू-3 (शेवटचं सत्र) आणि दुसऱ्याचा क्यू-2 (त्याआधीचं) जुळवला की आकडा खोटा पडतो, कारण ट्रॅकवर रबर बसत जातं आणि दर सत्रागणिक पकड वाढते. फरक सेकंदांत ठेवू नका, टक्क्यांत काढा. 80.000 विरुद्ध 80.240 म्हणजे 0.3 टक्के. मोनॅकोचा छोटा ट्रॅक आणि स्पाचा लांब ट्रॅक एकाच तक्त्यात बसवायचे तर दुसरा मार्ग नाही. पाऊस, लाल झेंडा, बिघाड, ट्रॅक लिमिटमुळे रद्द झालेली लॅप हे सगळं वगळा. उरलेल्याची सरासरी काढू नका, मध्यक काढा. एखादी फसलेली लॅप सरासरीचं वाटोळं करते.

दहा-बारा शर्यती जमल्याशिवाय काही बोलू नये. माझा अंदाज असा: 0.1 टक्क्याच्या आत असेल तर दोघं बरोबरीचे समजा, 0.3 टक्के सातत्यानं दिसत असेल तर प्रश्न खरा आहे.

शर्यतीचा वेग काढायचा असेल तर पहिल्या दोन-तीन लॅप, इन-लॅप (पिटमध्ये येतानाची), आउट-लॅप (पिटमधून निघतानाची), सेफ्टी कार आणि निळ्या झेंड्याच्या (मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट द्यायच्या) लॅप काढून टाका. मग इंधनाचा हिशेब. 2025 पर्यंत शर्यतीत जास्तीत जास्त 110 किलो वापरता यायचं, आणि 10 किलोला लॅपमागे साधारण 0.3 सेकंद धरतात. 57 लॅपच्या शर्यतीत लॅपला दोन किलोच्या आसपास जळायचं, म्हणजे ड्रायव्हरनं काहीच न करता गाडी दर लॅपला पाच-सहा शतांश सेकंद वेगवान व्हायची. वेळ तेवढीच राहिली, तर टायर तेवढेच झिजताहेत. दोन टीममेटमधला फरक बऱ्याचदा इथे दिसतो, एका लॅपच्या वेगात नाही.

अजून एक. नवा फ्लोअर (गाडीचा तळ) किंवा नवी विंग कधी कधी एकाच गाडीपुरती तयार असते, दुसऱ्याला पुढच्या शर्यतीत मिळते. असे वीकएंड वेगळे काढा.

निकालाच्या ओळीवर विसंबलात तर फसाल. 2005 च्या अमेरिकन ग्रांप्रीत नरेन कार्तिकेयन चौथा आला, पाच गुण मिळाले. मिशेलिन टायरवाल्या सगळ्या संघांनी माघार घेतल्यामुळे त्या दिवशी सहाच गाड्या धावल्या. आता त्या ओळीवरून त्याचा वेग काढा बघू.

शेवटचा_सेक्टर

वेग म्हणजे काय जातं, त्याबद्दल.

बहुतेक वेळा ब्रेक दाबल्यापासून वळणाच्या मध्यापर्यंतचा भाग जातो. वरच्या वेगाला डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) भरपूर, म्हणून पेडल सुरुवातीला पूर्ण जोरानं दाबायचं आणि वेग उतरेल तसतसा दाब सोडत वळायचं. हा सोडण्याचा वेग ज्याच्या-त्याच्या पायात बसलेला असतो. गाडी बदलली की तो चुकतो. मागचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं चालतात आणि ऊर्जा गोळा करणारी मोटर त्यात मिसळते, त्यामुळे इंजिन पुरवठादार बदलला तरी पेडलखालची जाणीव बदलते.

रेड बुलचं नाक फार चटकन वळतं, बदल्यात मागचा भाग हलका राहतो. वर्स्टापेनला ते चालतं. दुसऱ्याला मागची चाकं सुटायची धास्ती वाटली की तो पाच-सात मीटर आधी ब्रेक लावतो आणि वळणात थोडा हळू शिरतो. त्यामुळे टायरवर भार कमी येतो आणि त्याचं तापमान उतरतं. तापमान उतरलं की पकड कमी, मग गाडी खरंच सुटते आणि तो आणखी आधी ब्रेक लावतो. तापवणाऱ्या ब्लँकेटमधून टायर 70 अंशांवर निघतो, पुढची उष्णता ड्रायव्हरनंच भरायची असते. तुम्हाला नको असलेला आत्मविश्वास इथे घुसतो खरा, पण टायरच्या अंशांतून.

रिकार्डोचं असंच, फक्त गाडी वेगळी. वळणात वेग वाहता ठेवायची त्याची सवय. त्या मॅक्लारेनला लांब, गोल वळणं नकोशी. सरळ रेषेत जोरात ब्रेक, झटकन वळण आणि लगेच बाहेर, हे तिला मानवायचं. मोंझात लांबच लांब सरळ रस्ते आणि शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं), म्हणून तिथे गाडीचा कमकुवत भाग फारसा उघडा पडला नाही. (हॅमिल्टन आणि वर्स्टापेन एकमेकांवर आदळून बाहेर गेले हेही धरा, पण रिकार्डो सुरुवातीपासूनच पुढे होता.)

सराव करून सवय बदलावी म्हटलं तर गाडीच हातात येत नाही. 2023 ते 2025 मध्ये हंगामाआधीची चाचणी तीन दिवसांची होती, संघाला गाडी एक, म्हणजे माणशी दीड दिवस. उरलेलं सिम्युलेटरवर. पण मागचा भाग सुटायला लागल्याची जाणीव आधी कमरेला होते, आणि सिम्युलेटर ती नेमकी देऊ शकत नाही.

एन्ड्युरन्सवेडा

परतीच्या वाटांपैकी सगळ्यात कमी लेखली जाणारी म्हणजे रिझर्व्हची (राखीव ड्रायव्हरची) खुर्ची. हुल्केनबर्गचंच बघा. 2010 मध्ये विल्यम्समध्ये पदार्पण, ब्राझीलला पोल (सुरुवातीची पहिली जागा), तरीही 2011 साठी सीट नाही. फोर्स इंडियाचा रिझर्व्ह झाला, पुढच्या वर्षी परत आत. 2015 मध्ये पोर्शकडून ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. 2019 नंतर पुन्हा बाहेर. 2020 मध्ये पेरेझला कोविड झाल्यावर सिल्व्हरस्टोनला बोलावणं आलं. पहिल्या शर्यतीत क्लचचा बोल्ट तुटला आणि सुरुवातच करता आली नाही, दुसऱ्यात क्वालिफायिंगमध्ये तिसरा, शेवट सातवा. अशा एक-दोन वीकएंडनी नाव जिवंत ठेवलं आणि 2023 मध्ये हास संघ मिळाला. पहिलं पोडियम (पहिल्या तिघांत येणं) 2025 ला सिल्व्हरस्टोनमध्ये, 19व्या जागेवरून सुरुवात करून, 239व्या शर्यतीत.

ऐनवेळी बसणाऱ्याला काय लागतं? साच्यात ओतलेली स्वतःची सीट, पेडलचं अंतर, क्लचच्या पॅडलवर बोटं नीट बसणं आणि मान. सीट चुकली की वीस लॅपमध्ये कंबर जाते, मान कच्ची असेल तर शेवटच्या टप्प्यात डोकं हेडरेस्टवर टेकतं. म्हणून रिझर्व्हनं दर शर्यतीला हेल्मेट, सूट आणि मान तयार ठेवूनच जायचं. ऐनवेळी बसलेल्या बेअरमनला 2024 मध्ये सौदीला सराव मिळाला तो फक्त तिसऱ्या सत्राचा. क्वालिफायिंगमध्ये 11वा, शर्यतीत सातवा.

दुसरी वाट म्हणजे शर्यतीचा प्रकारच बदलणं. हार्टलीला रेड बुलनं ज्युनिअर असतानाच सोडलं, पोर्शकडून ल मान्स जिंकून तो टोरो रोसोत आला, 2018 नंतर तिथूनही गेला आणि टोयोटातून पुन्हा ल मान्स आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींचं जागतिक अजिंक्यपद. तिथे एका लॅपला किंमत नाही. अख्ख्या स्टिंटची (दोन पिटस्टॉपमधल्या सलग धावेची) सरासरी, दोन सहकाऱ्यांसोबत वाटून घ्यायचा सेटअप आणि रात्री हळू जीटी गाड्यांच्या गर्दीतून वेळ न घालवता निघणं, एवढ्यावर पगार ठरतो. ल मान्सला सहा तासांच्या कोणत्याही टप्प्यात एकाला चार तासांहून जास्त चालवता येत नाही, एकूण मर्यादा 14 तास. म्हणजे एकट्याचा हिरोपणा नियमातच बसत नाही. एरिक्सन एफ-1 मध्ये मागेच राहिला आणि 2022 ला अमेरिकेतली इंडी 500 शर्यत जिंकला. व्हर्न्य टोरो रोसोतून गेला आणि विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई मालिका दोनदा जिंकला.

ओव्हरस्टिअर

वरचं सगळं मान्य, पण सीट वेगानं जाते यावर माझा पूर्ण विश्वास नाही. ती तारखांनी जाते. करारातला पुढच्या वर्षाचा ऑप्शन (ठेवायचं की नाही ठरवायचा हक्क) बहुतेक वेळा संघाच्या हातात असतो आणि त्याची मुदत हंगामाच्या मध्यावर येते. म्हणजे निर्णय पहिल्या दहा-बारा शर्यतींवर; नंतर सूर गवसला तर गवसला. रिकार्डोला मॅक्लारेननं करार एक वर्ष बाकी असताना मोकळं केलं, कारण अल्पीनचा राखीव ड्रायव्हर पियास्त्री मोकळा सापडला. अल्पीननं कागद वेळेत पक्के केले असते तर ते प्रकरण करार मंडळापर्यंत गेलंच नसतं.

खालून येणाऱ्यांचं आणखी अवघड. सुपर लायसन्सला (एफ-1 चालवायच्या परवान्याला) 40 गुण लागतात आणि ते मागच्या तीन हंगामांचेच धरतात, दोन वाईट वर्षं आली की जुनी कमाई गळते. अमेरिकेच्या इंडीकार मालिकेतल्या हेर्टाला 2022 मध्ये अल्फाटौरी (टोरो रोसोचं नवं नाव) घ्यायला तयार होती, गुण 32 भरले, विषय संपला. एफ-2 च्या (एफ-1 च्या खालच्या मालिकेच्या) विजेत्याला तर पुढच्या वर्षी त्या मालिकेत परत धावताच येत नाही. ड्रुगोविच 2022 चा विजेता, पूर्शेअर 2023 चा, एफ-1 ची रेस सीट दोघांनाही नाही.

मधलीफळी

पिटवॉल, पद्धत पटली. एक शंका: टीममेट नवखा असेल किंवा मधेच बदलला तर?

पिटवॉल

नवख्याच्या पहिल्या सहा-सात शर्यती सोडा. टीममेट बदलला तर साखळी लावा: अ विरुद्ध ब, मग ब विरुद्ध क. पण दोन कड्यांच्या पुढे जाऊ नका, दर कडीला चूक वाढते. आणि 2022 सारखा नियमबदल मधे आला तर साखळी तिथेच तोडा. आधीच्या गाडीतला ब आणि नंतरचा ब हे दोन वेगळे ड्रायव्हर समजा.