मदत हवी आहे: मठारलेल्या तांब्याच्या भांड्यांची व्हेक्टर चित्रं करतेय, ठोके हाताचे वाटतच नाहीयेत

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात ग्राफिक डिझायनर आहे, रोजचं काम लोगो, पॅकेजिंग, कधीमधी लग्नपत्रिका, आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी म्हणून व्हेक्टरमध्ये (म्हणजे रेषा आणि बंद आकारांनी बनणाऱ्या चित्रांत) काही ना काही करून बघत असते. सध्या तांब्याच्या भांड्यांची मालिका चाललीये, बंब, घंगाळ, तपेलं, कळशी, हंडा, प्रत्येक भांडं ए३ कागदावर एकटं, मागे काही नाही. छपाई स्क्रीन प्रिंटने (प्रत्येक रंगाची शाई वेगळ्या जाळीतून कागदावर ओढून) करायची आहे आणि रंग फक्त तीन, गडद तपकिरी, मधला तांबूस, एक उजळ, आणि चौथा म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा. ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) नाही, मेश (जाळीवर मिसळलेले रंग) नाही, ट्रान्स्परन्सी नाही, आणि वरून टेक्स्चरचा फोटो टाकणं तर अजिबात नाही. हा नियम मी मुद्दाम घालून घेतलाय कारण मला बघायचंय की नुसत्या सपाट आकारांनी धातू दिसू शकतो का.

भांड्यांचे घाट छान जमलेत, तिथे काही प्रश्नच नाही. अर्धा आकार पेन टूलने काढायचा, जितके कमी अँकर पॉइंट (रेषेला धरून ठेवणारे बिंदू) ठेवता येतील तितके ठेवायचे, आरशात उलटवायचा, जोडायचा. कळशीचा गळा फक्त दोन अँकरवर इतका सुंदर वळतो की मी नुसती बघत बसते. (पेन टूलची ही वक्रं, म्हणजे बेझिए वक्रं, वापरात आली ती मुळात गाड्यांच्या पत्र्यासाठी, १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६०च्या दशकापर्यंत फ्रान्समध्ये रेनोत पिअर बेझिए आणि सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी आपापली ही पद्धत बसवली. पत्र्याच्या वळणासाठी आलेल्या रेषेने मी तांब्याचा पत्रा काढतेय हे मला फार आवडतं.)

अडलंय ते मठारीवर. ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आपल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडं घडवून झालं की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर शेजारी शेजारी ठोके मारत जातात, ते मठारकाम. ते नुसतं शोभेचं नसतं, ठोके खाऊन तांबं कडक होतं, भांडं मजबूत होतं आणि वर ती चमक येते. बाजारात साच्याने ठसे उठवलेली भांडीही मिळतात आणि दोन्ही शेजारी ठेवली तर लहान मूलसुद्धा सांगेल की हाताचं कुठलं. माझं चित्र आत्ता साच्याचं दिसतंय. हाच माझा प्रश्न आहे.

आत्तापर्यंत इलस्ट्रेटरमध्ये (व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर) काय केलंय ते लिहिते म्हणजे तेच उपाय परत येणार नाहीत. पॅटर्न स्वॉच (एकच नमुना परत परत) करून भरला तर माशाच्या खवल्यांसारखं दिसतं, एकसारखं, थंड. स्कॅटर ब्रशने (रेषेवर ठोके विखरणाऱ्या ब्रशने) अंतर आणि साइज रँडम ठेवून ओढलं तर काही ठिकाणी ठोक्यांचे पुंजके होतात आणि मधेच मोकळी जागा पडते, तांबट असं कधीच करणार नाही, त्याचं काम रँडम नसतं, ते अतिशय शिस्तीचं असतं, आणि तरीही एक ओळ दुसरीसारखी नसते. मग ओळीत मांडून ट्रान्सफॉर्म ईचमधलं (प्रत्येक आकार वेगवेगळा हलवणारं) रँडम वापरलं, थोडं बरं झालं पण ओळ थरथरल्यासारखी वाटते, हात थरथरत नाही हो त्यांचा. इमेज ट्रेसही (फोटोचं आपोआप व्हेक्टर करणारं) बघितलं, फोटोवरून हजारो अँकर येतात आणि त्यात ठोका असा वेगळा सापडतच नाही, नुसते डाग. थ्रीडी क्लासिकमध्ये घाट गोल फिरवून (रिव्हॉल्व) त्यावर ठोक्यांचा नमुना चढवला (सिम्बल मॅप) तेव्हा गोलाई अगदी बरोबर आली, पण एक्स्पांड केल्यावर (त्याचे साधे आकार करून घेतल्यावर) क्लिपिंग मास्कचा, म्हणजे नको तो भाग झाकणाऱ्या आकारांचा, ढीग, आणि ठसे परत एकसारखेच.

दुसरी अडचण उजेडाची. मी प्रत्येक ठोका म्हणजे एक गोल आणि त्यात एका बाजूला उजळ चंद्रकोर, दुसऱ्या बाजूला गडद अशी काढतेय. कागदावर बघितलं की काहींना तो खोलगट दिसतो, काहींना चक्क वर आलेला दिसतो. आणि अख्ख्या बंबावर अशा चंद्रकोरी झाल्या की डोळ्याला नुसती वळवळ, भांड्याची गोलाई मरून जाते.

तिसरं म्हणजे फाइल. बंबाची फाइल उघडायलाच वेळ खाते, एक ठोका हलवला तरी लॅपटॉप विचार करत बसतो. इलस्ट्रेटर वापरते, इंकस्केपही आहे मशीनवर, शिकायची तयारी आहे. थोडंफार स्क्रिप्ट कुणी दिलं तर चालवता येतं, स्वतः लिहिता येत नाही.

कुणी म्हणेल की हाताने एकेक ठोका काढ. तपेल्याच्या एका पट्ट्यावर तसं केलंय आणि तो भाग सगळ्यात चांगला दिसतोय हे खरंच आहे, पण अख्खी मालिका तशी होणं शक्य नाही, आणि मला मनापासून असं वाटतं की हाताच्या कामात जी शिस्त असते ती समजली तर ती व्हेक्टरमध्ये मांडता यायला हवी. ती शिस्त नेमकी काय आहे हे कुणी सांगू शकेल का? तांबट आळीतलं किंवा त्या कामाच्या जवळचं कुणी इथे असेल तर फारच उत्तम.

प्रतिसाद

ताई, आमच्या घरात हे काम होतं, मी स्वतः करत नाही पण लहानपणापासून बघितलंय म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, तुम्ही ठोका गोल धरलाय. एकटा ठोका गोल असतो, मठारलेल्या भांड्यावर गोल कुठेच शिल्लक राहत नाही. पुढचा ठोका मागच्याची कड खातो, खालची ओळ वरच्या ओळीची कड खाते, त्यामुळे उरतात ते कोपरे असलेले तुकडे, कुठे पाच बाजू, कुठे सहा. दुसरी गोष्ट, एका हाताने भांडं फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं. म्हणजे हातोडी जवळपास एकाच जागी पडत असते, फिरतं ते भांडं. फरक पडतो तो फिरवण्यात, मारण्यात फार कमी. आणि एखादं अंतर जरा जास्त गेलं तर पुढचा ठोका परत मूळ जागेवर जात नाही, तो आधीच्या ठोक्याला धरून पडतो. हातोडीखाली आतून लोखंडाचा टेका असतो त्यामुळे खड्डा असा पडत नाही, बाहेर आलेल्या पत्र्यावर छोटी जवळजवळ सपाट जागा तयार होते. तुम्ही चंद्रकोर काढताय ते म्हणून पटत नाहीये.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात सगळं उत्तर आलंय, मी फक्त ते सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो.

ट्रान्सफॉर्म ईच काय करतं, प्रत्येक ठोक्याला त्याच्या आखलेल्या जागेपासून थोडं हलवतं आणि पुढच्याला त्याची काही खबर नसते. म्हणून थरथर. तुम्हाला हवंय ते असं की पुढच्या ठोक्याची जागा म्हणजे मागच्या ठोक्याची जागा अधिक ठरलेलं अंतर अधिक किंचित फरक. हा फरक साठत जातो, ओळ हळूहळू सरकते, कधी मागे कधी पुढे, पण दोन शेजाऱ्यांमधलं अंतर कधीच फार बिघडत नाही. पुंजकेही होत नाहीत. स्क्रिप्टमध्ये ही एक ओळ आहे, इलस्ट्रेटरचं जावास्क्रिप्ट मी देतो लिहून, नुसते बिंदू मांडेल.

त्या बिंदूंवरून कोपऱ्यांचे तुकडे कसे करायचे, तर व्होरोनॉय. प्रत्येक बिंदूच्या वाट्याला त्याच्या सगळ्यात जवळची जागा द्यायची, दोन बिंदूंच्या बरोबर मध्यावर सीमा. सारख्या हातोडीचे, सारख्या जोराचे दोन ठोके एकमेकांना जिथे कापतात ती रेषा साधारण तिथेच येते, म्हणून इथे ते नुसतं दिसायला छान म्हणून नाही, कामाच्या रीतीला धरून आहे. इंकस्केपच्या एक्स्टेन्शन्समध्ये व्होरोनॉय आहे, बिंदू तिकडे नेऊन चालवा आणि ती एसव्हीजी (व्हेक्टर) फाइल परत इलस्ट्रेटरमध्ये आणा.

गोलाईसाठी थ्रीडीची गरज नाही. भांड्याची त्रिज्या १०० मिमी धरा आणि मधल्या रेषेपासून दर १५ अंशांवर ठोका धरा, तर समोरून ते मध्यापासून ०, २६, ५०, ७१, ८७, ९७ आणि १०० मिमीवर दिसतील. म्हणजे मधले ६० अंशच अर्धी रुंदी खातात आणि कडेला सगळं दाटतं. ६० अंशांवर तुकड्याची रुंदी मधल्याच्या निम्मी होते. तुमची चित्रं साच्याची वाटायचं अर्धं कारण हेच असणार, कडेपर्यंत ठोके त्याच मापाचे राहिले असतील. आणि भांडं जरा वरून बघितलेलं असेल तर ओळी सरळ ठेवू नका, डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली ओळ तितका तिचा लंबगोल जास्त उघडा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, मला खरंच इतक्या नेमक्या उत्तराची अपेक्षा नव्हती. भांडं फिरतं आणि हातोडी जागेवर असते हे मी बघितलेलं होतं पण त्याचा अर्थ असा लावलाच नव्हता.

तपेल्यावर करून बघितलं. स्क्रिप्टने बिंदू, इंकस्केपमधून व्होरोनॉय, आणि मग एका तुकड्याला एकच रंग. तुकडा सपाट असेल तर तो एकतर उजेड पकडणार नाहीतर नाही, म्हणजे माझा तीन रंगांचा नियम इथे आडवा येतच नाही, तोच बरोबर आहे! उजेड डावीकडून धरला, त्या बाजूचे तुकडे बहुतेक उजळ, मधे तांबूस, उजवीकडे गडद, आणि सीमेवर थोडी सरमिसळ, म्हणजे तांबूस पट्ट्यात मधेच एखादा उजळ. ती सरमिसळ मात्र मी हाताने ठरवली, एकेक तुकडा निवडून, आणि ते करताना फार मजा आली. अगदी मोजके तुकडे कागदाच्या पांढऱ्यावर सोडलेत, तिथे लखकन चमकतं. वर आलेलं की खोलगट हा प्रश्नच संपला. फाइलही हलकी झाली, कारण आधी एका ठोक्याला गोल, दोन चंद्रकोरी आणि त्यांचा मास्क होता, आता एकच बंद आकार आहे पाचसहा अँकरचा.

आता एकच राहिलं. कडेला तुकडे इतके बारीक होतात की छपाईच्या जाळीवर ते धरतील का अशी भीती वाटतेय. आणि मधल्या रंगासाठी मेटॅलिक शाई घ्यायचा विचार आहे, पँटोनच्या रंगयादीतला ८७६ तांब्याचा आहे, तो चालेल का? कागद अनकोटेड (वर लेप नसलेला), जाडसर, हातकागदाच्या जवळचा.

प्रतिसाद

स्क्रीन प्रिंटिंग करतो म्हणून सांगतो. अनकोटेड कागदावर मेटॅलिक शाईची चमक बरीच मरते, कागद पितो. तुम्ही तर सपाट रंगांनी चमक दाखवताय, मग मेटॅलिकची गरज काय? साधा तांबूस घ्या, चित्र जास्त खरं दिसेल असं माझं मत. मेटॅलिकच हवी असेल तर कागद बदला, आणि त्या शाईत कण मोठे असतात म्हणून जाळी मोकळी लागते, जाळी मोकळी म्हणजे बारीक तुकडे अजूनच जाणार.

कडेचे तुकडे वेगळे ठेवूच नका. एक पॉइंट म्हणजे ०.३५ मिमी, त्याच्या आसपास किंवा खाली रुंदी गेली की शेजारचे एकाच रंगाचे तुकडे पाथफाइंडरमधल्या युनाइटने जोडून टाका, वरपासून खालपर्यंत एक गडद पट्टी झाली तरी चालेल, नुसती तिची आतली कड दातेरी राहू द्या. प्रत्यक्ष भांड्याच्या कडेलाही एकेक ठोका दिसत नाही.

आणि तुकड्यांच्या मधे पांढरी फट ठेवलीये का हे लिहिलं नाहीत तुम्ही. ठेवली नसेल तर ट्रॅपिंग (रंग एकमेकांवर किंचित चढवणं) लागेल, तीन स्क्रीन एकमेकांवर केसभर इकडेतिकडे होतातच, आणि इतक्या तुकड्यांत ते लगेच दिसतं. सोपा मार्ग सांगतो, उजळ आणि तांबूस कापून न ठेवता गडदच्या खालपर्यंत जाऊ द्या आणि गडद सगळ्यात शेवटी वरून ओव्हरप्रिंट करा (खालचा रंग न कापता त्यावरच छापा). पांढरे तुकडे मात्र तिन्ही प्लेटमध्ये जरा मोठे कापा, शाई थोडी पसरते आणि ते बुजतात.

धागाकर्ती

फटी ठेवलेल्या नाहीत, तुम्ही म्हणता तसं गडद ओव्हरप्रिंट करते. मेटॅलिक रद्द, पटलं. आधी तपेल्याचीच तिन्ही पॉझिटिव्ह (जाळी तयार करायच्या फिल्म) काढून एक प्रूफ (नमुना छाप) करून घेते आणि मग बंबाला हात लावते, त्याची तोटी आणि मधली नळी मठारलेली नसते त्यामुळे तिथे गुळगुळीत तांबं याच तीन रंगांत कसं दाखवायचं ते अजून ठरायचंय. कुणाकडे काही सुचवणी असेल तर इथेच लिहा, प्रूफचा फोटो आला की धाग्यात टाकते.